कोणतं ऑपरेशन

आमच्याकडं बाईच्या तोंडी नुसता 'ऑपरेशन' शब्द आला की त्याचा अर्थ एकच असतो. डोळ्याचं झालं तर 'मोत्याबिंदू काढला' म्हणतात, पोट चिरून लेकरू काढलं तर 'सिझर झालं' म्हणतात. पण 'तिचं ऑपरेशन झालं' एवढंच म्हटलं की ऐकणारी पुढं काही विचारत नाही. लेकरं बंद करायचं झालं, हे तिला कळतं. सोनाळ्यात विचारा, वरवट बकालात विचारा, शेगावच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलेल्या कोणत्याही बाईला विचारा. "दोन पोट्टे हायेत, ऑपरेशन झालं," असं ती नाव-गाव सांगावं तसं सांगून टाकते.

हे मी आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून लोक माझ्याकडं कसे पाहतात ते मला माहीत आहे, आणि मी काही बावळट नाही. बारावी शिकलेली आहे. आमची भाजीची वाडी आहे. कोणत्या बाजाराला वांगी न्यायची नि कोणत्या बाजाराला मिरची, हे घरात मीच ठरवते. माहेर वरवटचं, सासर सोनाळ्याचं, आणि दोन्हीकडं माझं तोंड जरा जास्तच चालतं अशी ख्याती आहे. आई म्हणायची, "हिले जो नेईन तो कानात बोळे घालूनच नेईन." नवरा म्हणतो, बोळे आणायचे राहून गेले.

माझ्या मोठ्या जावेचं ऑपरेशन तिला न विचारता झालं होतं. तिचा दुसरा मुलगा सिझरनं झाला. ती आत भुलीत पडलेली, आणि बाहेर सासूनं नि तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या भासऱ्यांनी, सांगितलं, दोन पोट्टे झाले, आता करूनच टाका. केलं. तिला कळलं ते टाके काढायच्या दिवशी, तेही एक नर्स दुसरीला सांगत होती म्हणून. जावेला मुलगी हवी होती. बस, एवढंच. त्यावरून ती कधी भांडली नाही की कोणाजवळ रडली नाही. माझ्या मुलीची वेणी मात्र रोज तीच घालते, आणि मी घाईत घातली तर सोडून पुन्हा घालते. एकदा आम्ही दोघी मिरच्या तोडत होतो, तेव्हा आपणहून म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाही वो. इचारलं असतं तं मी बी हाव म्हटलं असतं कदाचित. पण इचारलंच नाही." मग म्हणाली, हात चालव, ऊन चढून राह्यलं.

त्या दिवसापासून त्या शब्दाची भीती माझ्या पोटात बसली. मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती वाढली. आमची बुढी, म्हणजे माझी सासू, मनानं वाईट नाही, पण तिचं सगळं आधीच ठरलेलं असतं. पहिली मुलगी होती. आता मुलगा झाला तर तिथंच ऑपरेशन, आणि लेकराला शेगावला महाराजांच्या पायावर घालून आणायचं. मुलगी झाली तर पुढं पाहू. हे ती ओट्यावर बसून शेजारणींना सांगायची, मी तिथं नसल्यासारखी. मी आतून ओरडले, "माह्या पोटाचं मी पाहीन."

"मंग का शेजारीण पाहीन?" नवरा म्हणाला आणि हसला. मी रात्रंदिवस त्याचा पिच्छा पुरवला, मला शब्द दे, तुझ्या आईला सांग. तो म्हणायचा, "आई म्हणते तं काही वाईटासाठी म्हणते का?" त्यानं शब्द दिला नाही, नाहीही म्हटलं नाही. असा माणूस भांडायलाही सापडत नाही.

मला काही घरभर लेकरं नको होती. दोन वर्षांनी मीच गेले असते आणि करून आले असते. पण मी गेले असते, माझ्या पायांनी चालत.

आणि आमच्याकडं 'नाही'ला वजनच नाही. पाहुणा चहाला नाही म्हणाला तर कोणी थांबतं का? कप समोर येतोच, आणि पाहुणाही तो पितो. पोरगी लग्नाला नाही म्हणाली तर ती लाजते. सून नाही म्हणाली तर रुसली आहे, होईल दोन दिवसांत नीट. मला पुढं शिकायचं होतं, तेव्हा मीही नाही म्हटलं होतं. चांगलं पाय आपटून, ताट सरकवून. सगळे हसले. पोरगी मोठी तिखट हाय म्हणाले, आणि हळद लावली.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं, रीतीप्रमाणं, आणि सरळ झालं. दुसरं सासरी. त्यामुळं सिझरचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. पहिलं सरळ झालेल्या बाईला सिझर कशाला लागतं, असंच आम्ही सगळ्या धरून चालतो. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी प्रत्येक भेटीत बीपी तपासलं, गोळ्या दिल्या, आणि जाताना प्रत्येक वेळी सांगितलं, "ह्या बारीनं ऑपरेशन करून घ्या, ताई. तिसऱ्या खेपेले जिवाले धोका असते." मी म्हणायची, पाहू. त्या म्हणायच्या, लेकराचा इचार करा, दोघांचं नीट होते, तिघांचं होत नाही. बुढी मान डोलवायची. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. धोका आहे, लेकराचा विचार करा: हे शब्द मी नऊ महिने ऐकले होते, आणि ते कशाबद्दल असतात हे मला पाठ झालं होतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी भाकरी थापताना पाणी गेलं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून मला दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव मी घेणार नाही, गावाचंही नाही. सरकारी होता, मोठा होता, फरशी पुसलेली होती. तिथली माणसं वाईट होती असं कोणी म्हटलं तर मीच त्याच्याशी भांडेन. वाईट असती तर बरं झालं असतं, शिव्या द्यायला तरी कोणी मिळालं असतं.

आत एक सिस्टर होती, आमच्याच भागातली, वयानं मोठी, सारखी करवादणारी. आणि डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, नुकताच आलेला. मला 'ताई' म्हणायचा. हात लावायच्या आधी म्हणाला, "तपासू का?" मला कळांमध्येही हसू आलं. पहिल्या खेपेला ओरडू नको म्हणून मांडीवर चापट बसली होती. हा विचारत होता. मी म्हटलं, "तपासा ना, त्याच्यासाठीच आली." तो लाजला.

पोटावर पट्टा बांधून मशीन लावलं. लेकराच्या काळजाचे ठोके खोलीभर ऐकू येऊ लागले, आणि मी ते ऐकत पडले. पहिल्यांदा छान भरभर होते. मग मध्येच हळू पडायचे, विहिरीतलं पाणी उतरलं की मोटर अडखळते तसे, आणि पुन्हा सुरू व्हायचे. मला वाटलं, सरकारी मशीन आहे, जुनं असेल. सिस्टरनं माझ्या खालचं कापड बदललं, त्याच्याकडं पाहिलं आणि लगेच घडी करून बाजूला टाकलं. पाणी हिरवट जात होतं, लेकरानं आतच शी केली होती, हे मला नंतर कळलं. डॉक्टर आणि ती इंग्रजीत काहीतरी बोलले. मी विचारलं, काय झालं? "काही नाही ताई, तुम्ही घाबरू नका," डॉक्टर म्हणाला. सिस्टर घाईनं बाहेर गेली. ती भूल देणाऱ्या साहेबांना फोन करायला गेली होती. ते दुसऱ्या गावाहून यायचे. मला वाटलं, पाणी प्यायला गेली.

मग डॉक्टर माझ्या उशाशी आला. दाराच्या पडद्याआड बुढी उभी होती, तिचे पाय दिसत होते.

"ताई," तो म्हणाला, "आपल्याला ऑपरेशन करावं लागेल."

मी काही बोलायच्या आत पडद्याआडून बुढीच बोलली. "हाव, करून टाका साहेब. आमची मंजुरी हाय. मी तं केव्हाचीच म्हणून राह्यली."

मला वाटलं, झालं, जावेसारखंच झालं, लेकरू अजून बाहेर नाही आलं तोवरच यांनी ठरवलं. मी उठायला गेले. पण तो डॉक्टर वळला आणि शांतपणे म्हणाला, "आजी, तुम्ही बाहेर बसा. शरीर त्यांचं आहे. निर्णय त्या घेतील." आणि त्यानं स्वतः जाऊन दार लावलं.

असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तेही माझ्याबद्दल. मला रडू फुटलं.

"मले नाही करायचं ऑपरेशन," मी म्हटलं.

"भीती वाटते का?"

"भीती नाही. माह्या जावेचं असंच केलं होतं. तिले न इचारता."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणूनच तर मी विचारतोय," तो म्हणाला. "तुमच्या संमतीशिवाय इथं कोणी काही करणार नाही. पण ताई, नाही केलं तर धोका आहे."

"माहीत हाय मले. मी पाहून घेईन."

"बाळाचा विचार करा."

"बाळाचाच इचार करून राह्यली."

कळ आली. ती ओसरेपर्यंत तो हात बांधून उभा राहिला. मग पुन्हा विचारलं, त्याच शब्दांत, आणि मीही तेच सांगितलं. त्यानं मशीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, पोरगा बिचारा बुढीच्या नि माझ्या कचाट्यात सापडला. तो म्हणाला, तसं लिहून द्यावं लागेल, नियम आहे. मी म्हटलं, आणा. कळा चालू असताना मी सही केली, स्वच्छ अक्षरात, आणि त्याला म्हटलं, "देव तुमचं भलं करो."

खरं सांगते, तेव्हा मी सुखी होते. माझा जीव भांड्यात पडला होता. कळा येत होत्या, पण आता त्या नुसत्या कळा होत्या, त्यांच्यामागं दुसरं काही नव्हतं. मी डोळे मिटले. मशीन अडखळत होतं, थांबत होतं, पुन्हा लागत होतं, आणि मी मनात म्हणत होते, आता काय, आता ये बाबा लवकर.

सिस्टर आली ती तणतणतच आली. "भूलवाले साहेब अर्ध्यात आले होते, त्याईले वापस फिरवलं म्हणे? काऊन वो बाई, काऊन नाही म्हणली तू? सिझर नाही केलं तं लेकरू गुदमरून जाईन ना आत."

"सिझर?" मी म्हटलं. "सिझरचं कोण म्हणलं?"

सिस्टरनं डॉक्टरकडं पाहिलं. तिला कळलं, मला कळलं, त्याला मात्र कळलं नाही. तो आमच्या दोघींच्या तोंडाकडं पाहत होता.

"करा," मी म्हटलं. "सिझर करा. हाव म्हणते मी. लवकर करा."

भूलवाल्या साहेबांना रस्त्यातून परत बोलावलं. ते येईपर्यंत मी त्या टेबलावर पडून मशीन ऐकत होते. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

मुलगा झाला. रडला नाही. त्याला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात, काचेत ठेवायला नेलं. नेण्याआधी सिस्टरनं हिरव्या कपड्यात गुंडाळून माझ्या तोंडाजवळ धरला. ओठ निळे होते. कान अगदी माझ्या बापासारखे होते, मोठे, पुढं आलेले. मी भुलीत होते, पण ते कान मला दिसले. हात लावू दिला नाही, वेळ नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा अकोल्याहून परत आला. त्याच्या हातात दुपटं होतं, घडी घातलेलं. त्यानं ते खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मग मला दूध आलं. कोणी सांगायचं होतं त्या दुधाला? छाती दगडासारखी झाली, ताप भरला. जावेनं येऊन जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधली. वॉर्डात दुसरीकडं लेकरं रडायची आणि माझी चोळी भिजायची. मला त्या लेकरांचा राग यायचा. त्यांच्या आयांचाही यायचा. राग आला हे मी लपवत नाही.

बुढी रडली, मनापासून रडली; नातू होता तिचा. पण रडून झालं की सांगायची. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, शेजारच्या खाटेवरच्या बायकांना, चहा आणणाऱ्या बाईला. "मी तं करून टाका म्हणली होती. डाक्टरनं मले हाकललं अन हिले इचारलं. हिनं नाही म्हणलं." बायका च्‌ च्‌ करायच्या आणि माझ्याकडं पाहायच्या. भांडायला मी तोंड उघडायची आणि मिटायची, कारण तिच्या बोलण्यात एक शब्दही खोटा नव्हता. ती कोणत्या ऑपरेशनला हाव म्हणाली होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिलाही माहीत नसेल. ती कोणत्याहीला हाव म्हणाली असती.

नवऱ्यानं एकदाच विचारलं, "तू काऊन नाही म्हणली वो?"

मी सांगितलं. "पण सिझरले बी ऑपरेशनच म्हणतात ना," तो म्हणाला.

"डाक्टर म्हणतात. आपल्यात कोण म्हणते?"

तो विचार करत राहिला. मला वाटतं तो आठवून पाहत होता, आपल्या घरात कोणी कधी म्हटलं का. "कोणी नाही म्हणत," तो म्हणाला, आणि चहा आणायला गेला.

वरून एक मोठ्या डॉक्टरीणबाई चौकशीला आल्या, सोबत दोघं-तिघं. विचारलं, तुमच्यावर जबरदस्ती झाली का? नाही. धोका आहे असं सांगितलं होतं का? सांगितलं होतं. नकार तुम्हीच दिला का? मीच दिला. सही तुमचीच का? माझीच. नकार कशाला दिला, हे कोणी विचारलं नाही. मीच सांगितलं, ऑपरेशन म्हणजे आमच्यात काय ते. बाईंनी ऐकून घेतलं. "असं होतं कधी कधी," म्हणाल्या. मग मला समजावून सांगितलं की कायद्यानं सज्ञान बाई शुद्धीत असताना नाही म्हणाली तर डॉक्टरला तिच्या अंगावर सुरी धरता येत नाही. नवऱ्याची सही चालत नाही, सासूची तर नाहीच. डॉक्टरांनी नियमानं केलं.

चांगला कायदा आहे. मला करायला दिला असता तर मी असाच केला असता. माझ्या जावेच्या वेळी कोणी तो पाळला असता तर तिला आज मुलगी असती. आणि माझ्या वेळी कोणी तो मोडला असता, त्या पोरानं इतर डॉक्टरांसारखं बुढीला विचारून मला आत नेलं असतं, तर माझा मुलगा आज उन्हात नागडा पळत असता. हा विचार मी मनात येऊ देत नाही. तरी तो येतो, भाकरी थापताना येतो, आणि मग माझा हात तव्याला लागतो.

तो डॉक्टर माझ्याकडं आला ते एक दिवस दुपारी. स्टूल ओढून बसला. त्याचे डोळे खोल गेले होते.

"मी सिझर म्हणालो नव्हतो का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मला वाटलं सोपं बोलावं. पेशंटशी इंग्रजीत बोलू नये, असं आम्हाला शिकवतात."

"ऑपरेशन काय मराठी हाय?" मी म्हटलं. असं बोलायचं नव्हतं, पण माझं तोंड तसंच आहे.

मग मी त्याला सगळं सांगितलं. जावेचं सांगितलं, आशाताईंचं सांगितलं, बुढी पडद्याआडून हाव म्हणाली तेव्हा मला काय वाटलं ते सांगितलं. तो एकेक वाक्य मनात परत लावून पाहत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. धोका आहे. बाळाचा विचार करा. प्रत्येक वाक्य दोन्हीकडं बसत होतं.

"आणि पोट उघडून बाळ काढायचंय, असं म्हणालो असतो तर?"

"लगेच हाव म्हटलं असतं."

"मला वाटलं, मी तुमचं ऐकतोय," तो म्हणाला.

"ऐकलंच ना तुमी. माह्यं 'नाही' आजवर कोणीच ऐकलं नव्हतं. तुमीच पहिले." मी टोमणा मारला नव्हता. मला त्याची दया आली होती, आणि त्याच वेळी त्याचा गळा धरावासा वाटत होता. मी म्हटलं, "पुढच्या बाईले नीट इचारजा. लेकरू काढायचं हाय म्हणून सांगजा." त्यानं मान हलवली, आणि उठताना स्टूल जागेवर ठेवलं.

मला घरी सोडायच्या दिवशी मी वॉर्डाच्या दाराशी बाकावर बसले होते, नवरा गाडी आणायला गेला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. ती दोनेक दिवस वॉर्डात तिच्या सुनेजवळ होती, बुढीशी तिची चांगली गट्टी जमली होती. तिची सून समोरच स्ट्रेचरवर पडलेली होती, कळा देत होती. पोरगीच होती ती, कोणाच्या तरी लग्नात काढलेली मेंदीसुद्धा हातावरून नीट गेली नव्हती. तिला पहिला मुलगा आहे, हे दुसरं, एवढं मला माहीत होतं.

डॉक्टर आतून आला. मला वाटलं तो स्ट्रेचरकडं जाईल. तो बाकाकडं आला, आणि त्या बाईसमोर उभा राहून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आजी, सिझर करावं लागेल. सिझर म्हणजे पोट उघडून बाळ बाहेर काढायचं. बाळाचे ठोके कमी होतायत. करू ना?"

सगळे शब्द बरोबर होते. मीच सांगितले होते ते.

"करा ना साहेब, इचारता काय," ती बाई म्हणाली. "अन संगंच ऑपरेशन बी करून टाका. दोन झाले, पुरे आता."

तो थांबला. आता त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. स्ट्रेचरवरची पोरगी मान वळवून आमच्याकडं पाहत होती, म्हणत होती, "काय म्हणून राह्यले वो, आत्याबाई? काय करून राह्यले?"

मी टाक्यांवर हात धरून उठले. "तिले इचारा," मी म्हटलं. "डाक्टर, दोन्हीचं तिले इचारा."

ती बाईच माझ्याकडं वळली. रागानं नाही, मायेनं, दुखण्यातून उठलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "तुले इचारलंच होतं ना, बाई."

डॉक्टरनं माझ्यावरची नजर काढली. "दोन्हीची तयारी करा," तो सिस्टरला म्हणाला, आणि ते स्ट्रेचर आत गेलं.